क्रिएटिनिनला आकडा आहे, दुखण्याला नाही

घरातला कुत्रा म्हातारा झाला की दोन शब्द सारखे कानावर पडायला लागतात. एक 'क्रिएटिनिन' आणि दुसरा 'वय'. पहिला लॅबच्या रिपोर्टातून येतो, दुसरा शेजारपाजारच्यांकडून. आमच्या मोत्याला दोन्ही लागू. जात लॅब्रेडॉर, वय १२, किडनीचा आजार दुसऱ्या टप्प्यावर आणि मागच्या पायांत संधिवात. त्यामुळे गेलं वर्षभर फुकटचे सल्ले भरपूर मिळाले. सगळ्यात लाडका सल्ला असा: "किडनी खराब आहे ना, मग पेनकिलर नकोच. लंगडेल थोडा, वयच झालंय."

माझ्या मते हा सावधपणा नाही. त्रास कुत्र्याने सोसायचा आणि समाधान आपण मानायचं, असा हा प्रकार आहे.

भीती अगदीच खोटी आहे असं नाही. मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेनसारखी औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात, म्हणून सूज आणि दुखणं उतरतं. पण अंगातलं पाणी कमी झालं की हीच द्रव्यं किडनीचा रक्तपुरवठा टिकवून धरत असतात. वेदनाशामक किडनीचं काय करू शकतं, ते आपल्याकडे गिधाडांच्या बाबतीत दिसलंच. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, आणि २००६ साली सरकारला हे औषध जनावरांसाठी बंद करावं लागलं. तेव्हा घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी अर्धी करून कुत्र्याला देणं, हे कधीच नाही म्हणजे नाही.

पण जपून द्या म्हणणं वेगळं आणि काहीच देऊ नका म्हणणं वेगळं. आजार सुरुवातीच्या टप्प्यावर आणि स्थिर असेल, कुत्रा नीट खात-पीत असेल, तर डॉक्टर कमीत कमी मात्रेत, रक्तदाब आणि रक्त-लघवी तपासत औषध देऊ शकतात. उलट्या-जुलाब झाले की ताबडतोब बंद. सोबत स्टिरॉइड अजिबात नाही. गॅबापेंटिनसारखा दुसरा रस्ताही आहे, पण तेही किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून त्याची मात्रा कमी ठेवतात. महिन्यातून एकदा द्यायचं बेडिनव्हेटमॅब नावाचं इंजेक्शनही आहे. त्याला युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण रामबाण तेही नाही, कारण मज्जासंस्थेवरच्या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या डिसेंबरात डॉक्टरांना सावध केलंय.

आता खरी गंमत ऐका. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. दुखतंय म्हणून कुत्रा पडून राहिला की मांड्या वाळतात, स्नायू घटतात, आणि क्रिएटिनिन खाली येतं. रिपोर्ट बघून घरचे खूश, आणि कुत्रा मात्र महिन्यापूर्वीपेक्षा वाईट! (म्हणूनच डॉक्टर एसडीएमए नावाची तपासणीही सांगतात. तिच्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही.) आमच्या धंद्यात असं रोज बघायला मिळतं. डॅशबोर्ड हिरवागार असतो आणि वापरणारा शिव्या घालत असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. किडनीचा कुत्रा पाणी जास्त पितो, लघवीही जास्त करतो. सांधे दुखत असले की त्याला उठून, लिफ्टने खाली जाईपर्यंत धीर धरवत नाही. मग हॉलमध्ये तळं होतं. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवा. झालं! अंगातलं पाणी कमी, किडनीवर ताण, आणि जे औषध जपून देता आलं असतं तेही आता धोक्याचं. म्हणजे दुखण्याकडे दुर्लक्ष करून किडनीसुद्धा वाचत नाही. भांडं भरलेलंच ठेवा, फरशी पुसा.

बरं, दुखण्याला आकडा खरंच नाही का? तर आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांच्या मालकांसाठी एक छोटी प्रश्नावली तयार केलेली आहे. दुखणं किती, उठताना, चालताना, जिने चढताना त्रास किती, याला ० ते १० गुण द्यायचे. दर रविवारी वहीत लिहा. कुत्रा सांधेदुखीने सहसा केकाटत नाही, तो नुसता गप्प होतो. ते गप्प होणं कागदावर आलं, की डॉक्टरांसमोर "जरा बरं वाटतंय बहुतेक" असं मोघम बोलावं लागत नाही.

शिवाय बिनगोळीची कामं आहेतच. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या किंवा रबरी मॅट टाका. एका मोठ्या फेरीऐवजी तीन छोट्या करा. माशाचं तेल डॉक्टरांना विचारून द्या, ते सांध्यांना आणि किडनीला दोन्हीकडे चालतं. आणि वजन! ४८ लॅब्रेडॉरवर जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाव हिश्शाने कमी खाणारे कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला. (किडनीच्या कुत्र्याला मात्र उपाशी ठेवून बारीक करू नका, आहार डॉक्टरच ठरवू देत.)

थोडक्यात, पुढच्या वेळी रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा "क्रिएटिनिन किती?" याच्याआधी "याला दुखतंय किती, आणि त्यासाठी आपण काय करतोय?" हे विचारा. किडनीचे राहिलेले दिवस आपण मोजतोच आहोत. पण ते दिवस कुत्र्याला जगायचे आहेत, किडनीला नाही.

बघा पटतंय का.