समीक्षेची निदानहौस

मराठी समीक्षेला वैद्यकाच्या परिभाषेचे आकर्षण जुनेच आहे. 'निकोप', 'सुदृढ', 'पांगळी', 'रुग्ण', 'विकृत' ही विशेषणे आपण इतकी सरसकट वापरत आलो आहोत की ती साहित्यविचाराच्या बाहेरून आली आहेत, याचाही विसर पडावा. मर्ढेकरांच्या कवितेवरील टीकेत ती होती. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वरून जो वाद पेटला त्यातही ती होती. या वृत्तीचा युरोपीय पूर्वज शोधायचा तर तो माक्स नोर्डाऊ. पेशाने वैद्य असलेल्या या लेखकाने १८९२ साली इब्सेन, वाग्नर, नीत्शे यांना 'अध:पतित' ठरवणारे निदानपत्रच ग्रंथरूपाने सादर केले. नोर्डाऊ स्वत: ज्यू होता. पुढे १९३७ साली म्यूनिकमध्ये नाझींनी आधुनिक चित्रकारांची विटंबना करण्यासाठी प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांना हाताशी सापडला तो याच कुळातला शब्द. निदानाचा शब्द एकदा सुटला की तो कोणाच्या हाती जाईल हे निदान करणारा ठरवू शकत नाही.

आज याच सवयीने आंतरविद्याशाखीयतेचे वस्त्र पांघरले आहे. 'साहित्य आणि मानसशास्त्र', 'साहित्य आणि आरोग्य', 'साहित्य आणि समाज' अशा विषयांवरील विद्यापीठीय चर्चासत्रांत जे निबंध वाचले जातात, त्यांतील बहुतेकांची रीत ठरलेली असते. कादंबरीतील पात्र घ्यावे, मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील लक्षणांची यादी घ्यावी, दोहोंचा मेळ घालावा आणि नैराश्य किंवा न्यूनगंड असा निष्कर्ष काढावा. समाजशास्त्राकडे झुकलेला अभ्यासक याच्या उलट वाटेने त्याच मुक्कामी येतो. त्याच्या लेखी कादंबरी म्हणजे भरून आलेली प्रश्नावली. दोघांनाही संहितेची गरज पुराव्यापुरती असते.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'चे उदाहरण घ्यावे. एकनाथ हा सुशिक्षित बेकार आहे, शेतकऱ्याचा मुलगा आहे, नोकरीसाठी मागितली जाणारी रक्कम त्याच्या घराच्या आवाक्याबाहेर आहे. त्याची घुसमट 'नैराश्य' या नावाखाली नोंदवली की शेतमालाचा भाव, कर्ज आणि शिक्षणसंस्थेतील देणगी या तिन्ही गोष्टी एका फटक्यात त्याच्या स्वभावात जमा होतात. आत्महत्येसारखी अत्यंत खासगी वाटणारी कृतीही सामाजिक तथ्य म्हणून तपासता येते, हे दुर्खीमने १८९७ सालीच मांडले होते. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील जे सहा जिल्हे होते त्यांत वर्धा होता. त्या जिल्ह्यातील कापूस पिकवणाऱ्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला आपण ही कादंबरी शिकवताना एकनाथची लक्षणे मोजायला लावतो, तेव्हा बापाच्या कर्जाचे खापर बापाच्याच मनावर फोडण्याची विद्या आपण त्याला देत असतो. हे पांडित्य निरुपद्रवी नाही.

साहित्य आणि आरोग्य यांचा संबंध खरोखर कोठे जुळतो हे पाहायचे असेल तर वर्ध्याच्या अभ्यासकाला लांब जाण्याचे कारण नाही. १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांचे काम उभे केले. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे केंद्र वर्ध्यातच राहिले. तेथे डॉ. वर्देकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी कामाची पद्धत घडवली. या क्रमाकडे समीक्षकाने पाहावे. शिक्षण उपचाराच्या आधी येते. रोगी वसाहतीत आणण्याऐवजी कार्यकर्ता गावात, घराघरांत जाणार आणि गोळीच्या आधी त्याला झुंजायचे ते 'पाप', 'शाप', 'पूर्वकर्म' या शब्दांशी. जंतूचा शोध हान्सेनने १८७३ सालीच लावला होता. शब्द मात्र जागचे हलले नव्हते. दत्तपूर आणि वरोरा येथील संस्थांच्या नावांतही 'महारोगी' हाच शब्द आला, कारण त्या काळच्या मराठीत दुसरा रुळलेला शब्द नव्हता. बहुविध औषधोपचाराने १९८० नंतर रोग बरा होऊ लागला. तरी १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात राहिले. रूपकाचे आयुष्य जंतूपेक्षा चिवट असते, आणि नेमके हेच आमच्या शास्त्राचे क्षेत्र आहे. परंतु या शब्देतिहासावर मराठी विभागांतून कितीसे काम झाले?

सेवाग्रामचे ते प्रसिद्ध छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते: गांधीजी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करीत आहेत. आपण त्यात गांधी वाचतो. शास्त्री संस्कृतचे विद्वान होते ही गोष्ट चित्राच्या वाचनात कोठेच येत नाही. रोग्याची विद्वत्ता रोगाने पुसून टाकली आणि प्रेक्षकाने त्याला संमती दिली. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांच्या 'ज्वाला आणि फुले'चेही (१९६४) असेच झाले. कार्याच्या थोरवीने कविता झाकली. तिची चिकित्सा करणे हा जणू उद्धटपणा ठरला. भक्ती आणि निदान या दोन्ही रीतींत वाचन टळते.

'गोलपिठा'च्या बाबतीत टाळाटाळ अधिक चतुर आहे. नामदेव ढसाळांच्या या संग्रहातील (१९७२) सडलेली, पूगळती शरीरे ही 'महानगराच्या रोगट संस्कृतीची प्रतीके' आहेत, असे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास आढळते. प्रतीक म्हटले की सुटका होते. ती शरीरे आधी कामाठीपुऱ्याच्या परिसरात राहणाऱ्या माणसांची आहेत. त्यांना दवाखाना मिळत नाही, त्यांच्याकडे पैसे नाहीत. संस्कृतीचा अर्थ लावण्याची घाई ज्याला आहे त्याला त्या माणसांपाशी थांबायचे नाही.

सुसान सोन्टॅगने १९७८ साली आजाराला रूपकांतून सोडवण्याची मागणी केली. ती स्वत: कर्करोगातून गेली होती, त्यामुळे मागणीला अधिकार होता. तरी ती जशीच्या तशी मान्य करणे प्रस्तुत लेखकाला अवघड वाटते. भाषा रूपकाशिवाय चालत नाही, आणि ढसाळांच्या हातून रूपक काढून घेण्याचा हक्क कोणालाच नाही. प्रश्न समीक्षकाचा आहे. कवी रूपक घडवतो तेव्हा त्याची किंमत तो स्वत:च्या भाषेत मोजतो. समीक्षक 'रुग्ण मनोवृत्ती' असे लिहितो तेव्हा त्याला काहीच मोजावे लागत नाही. त्याने निदान एवढे तरी सांगावे की रोग कोणता, तो कोणी तपासला आणि ज्याला रोगी म्हटले त्याला उत्तर देण्याची जागा लेखात कोठे ठेवली आहे.