तळ्याकाठचा साक्षीदार

बेळगावच्या टिळकवाडीत पहाटे फिरावयास जाण्याची परंपरा जुनी आहे. काँग्रेस रस्त्याने रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परतणारे निवृत्त गृहस्थ आणि व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फेऱ्या मारणारी मंडळी तेथे आप्तांकडे जाऊन राहिलेल्या आमच्या अनेक वाचकांनी पाहिली असतील. या मंडळींच्या हाती पूर्वी काठी किंवा छत्री असे. आता त्यांच्यापैकी कित्येकांच्या गळ्यात कॅमेरा असतो, आणि ज्याच्या गळ्यात नसतो त्याच्या खिशातील मोबाइल तेच काम करतो. सुटीच्या दिवशी पावले थोडी लांब वळतात. कोणी किल्ल्याजवळच्या तलावाकडे जातो, कोणी कॅम्प भागातील अरगन तलावाकडे. पाण्यावर एखादी टिबुकली बुडी मारते, काठावरचा वंचक मान आखडून बसलेला असतो, खंड्या तारेवरून सरळ पाण्यात झेपावतो, आणि कॅमेऱ्यांची कळ दाबली जाते.

या छंदाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या मंडळींत शिकारीचे शौकीनही होते. पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो आधी बंदुकीने पाडावयाचा, अशी त्या काळची रीतच होती. सालिम अली यांनीही अभ्यासासाठी बंदूक वापरली. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथाने सामान्य माणसाला दुर्बिणीतून पाहावयास शिकविले. मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला पक्ष्यांची नावे आणि त्यांच्या रीतिभाती सांगितल्या. त्यापुढची पायरी म्हणजे हा कॅमेरा होय. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हा एका शतकाचा संस्कार आहे. तो लहानसा म्हणता येणार नाही.

परंतु काढलेल्या चित्रांचे पुढे होते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. एके काळी छत्तीस चित्रांचा रोल महिनाभर पुरविला जाई. आज एका सकाळी तीनशे चित्रे निघतात. त्यांतील दोन-चार स्नेह्यांना दाखविली जातात, एखाद्या स्पर्धेला जाते, आणि उरलेली तशीच पडून राहतात. चित्र कोणत्या तळ्यावर काढले, कोणत्या महिन्यात, त्या दिवशी तेथे आणखी कोणते पक्षी होते व किती होते, याची नोंद कोणीच ठेवीत नाही. सुंदर चित्राचे कौतुक चार दिवस टिकते. तारीख आणि ठिकाण यांसह ठेवलेले साधे चित्र मात्र वीस वर्षांनी साक्ष देऊ शकते. टिळकवाडीतील फिरणाऱ्यांपुढे, आणि गोव्यातील त्यांच्या बंधूंपुढेही, आम्हांस हाच एक विचार ठेवावयाचा आहे.

अशा नोंदींना काय मोल असते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींच्या स्थितीचा विचार केलेला आहे, आणि त्यासाठी तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. या निरीक्षकांत शिक्षक होते, बँकेतील नोकरदार होते, विद्यार्थी होते, गृहिणीही होत्या. शिकारी पक्षी, काठाच्या चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी आणि बदके यांची संख्या विशेष घटली आहे, हा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. यांतील शेवटचे दोन वर्ग पाण्यावर जगणारे आहेत, हे ध्यानात घ्यावे. तळ्याकाठच्या फेरीत आपण ज्यांचे चित्र घेतो, नेमके तेच कमी होत आहेत. हे कळले ते फिरावयास गेलेल्या माणसांनी वहीत चार ओळी लिहिल्या म्हणून.

तळ्यांवर आज आलेले संकट उघड शत्रुत्वाचे नाही, आणि म्हणूनच ते ओळखणे कठीण जाते. त्याचे नाव सुशोभीकरण. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतील पहिल्या वीस शहरांत २०१६ च्या जानेवारीत बेळगावची निवड झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुढच्या यादीत पणजीचे नाव आले. योजना गेल्या, नव्या येतील. पण तळे दिसले की त्याला दगडी पिचिंग करावे, भोवती फरशीचा पदपथ आखावा, दिवे, कारंजी आणि नौका आणाव्यात, ही दृष्टी सगळीकडे सारखीच आहे. यात कोणाचा वाईट हेतू असतो, असे आम्ही म्हणत नाही. नागरिकांना फिरावयास नीट जागा हवी, हे आम्हांस मान्य आहे. मात्र या कामांचा आराखडा करताना तळ्याचा काठ म्हणजे काय, याचा विचार झालेला नसतो.

काठ म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यामधली रेघ, असे आराखड्यात दिसते. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ती रेघ नसून उताराचा रुंद पट्टा असतो. पाऊस सरला की पाणी हळूहळू मागे हटते आणि बोटभर खोलीचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलातील किड्यांवर तुतवार आणि धोबी हिवाळा काढतात. काठालगतच्या उघड्या खडेरी जमिनीवर टिटवी अंडी घालते. गुडघाभर पाण्यातील लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी राहते. टिबुकली तरंगत्या पाणवनस्पतींवर घरटे बांधते, तर कमळपक्ष्याचा नर पानांवरची अंडी उबवितो. ज्याच्या कपाळावरील पांढऱ्या टिळ्यामुळे मराठी माणसाने त्याला वारकरी म्हटले, तो काळा पाणपक्षीही याच उथळ पाण्याच्या आधाराने दिवस काढतो. या उताराच्या जागी सरळ उभी भिंत आली की पाणी तेवढेच राहते, तळे स्वच्छ दिसते, आणि पाहुणे मात्र नाहीसे होतात. पुढे कोणी विचारलेच, तर येथे पक्षी कधी होते, असा उलट प्रश्न येतो. त्या वेळी उत्तर देण्यास तारीखवार चित्रांखेरीज दुसरे काय असणार?

कायद्याचा आधार आहे, पण तो तोकडा आहे. पाणथळ जागांच्या रक्षणाचे नियम केंद्राने २०१७ मध्ये केले. त्यांतून मानवनिर्मित जलाशयांपैकी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले वगळले आहेत. आपल्याकडील बहुतेक तळी आपल्याच पूर्वजांनी कोणत्या ना कोणत्या कामासाठी खोदलेली. तेव्हा शेकडो वर्षे पक्ष्यांना आसरा देणारे तळे केवळ माणसाने खोदले म्हणून नियमाबाहेर राहण्याचा धोका असतो. अशा स्थितीत मुंबईतील पवई तलावाचे प्रकरण मार्ग दाखविणारे आहे. तो तलावही माणसाने बांधलेलाच. त्याच्या काठाने महापालिकेने सायकल आणि चालण्याचा मार्ग घेतला, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरविले आणि जागा पूर्ववत करावयास सांगितले. तळ्याभोवतीचा पदपथसुद्धा तळ्याच्या मुळावर येऊ शकतो, हे त्या निर्णयाने स्पष्ट केले. तळ्याकाठी फिरणाऱ्या आम्हां सर्वांनी हे मनाशी बाळगावयास हवे.

येथपर्यंत छायाचित्रकारांच्या बाजूने बोललो. आता त्यांना चार कटू शब्दही ऐकविले पाहिजेत. चांगल्या चित्राच्या हव्यासाने घरट्यापर्यंत जाणे, आड येणाऱ्या फांद्या मोडणे, पक्ष्याचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला पुन्हापुन्हा बाहेर बोलावणे, हे प्रकार वाढले आहेत. टिबुकली घरट्यावरून उठताना अंड्यांवर पाणवनस्पती ओढून ती झाकते. माणूस अचानक जवळ आला तर तिला तेवढीही उसंत मिळत नाही, आणि उघडी पडलेली अंडी घारीकावळ्यांच्या नजरेस येतात. पिलांना भरविण्यासाठी चोचीत किडा धरून आलेला पक्षी कॅमेऱ्यापुढे अर्धा तास ताटकळतो, आणि तेवढा वेळ पिले उपाशी राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणेही येते. बंदूक टाकून कॅमेरा घेतला, म्हणून शिकारीपण आपोआप गेले असे नव्हे. क्रौंचाच्या जोडीतील एकाला निषादाने बाण मारला, त्या शोकातून आदिकवीचा पहिला श्लोक उमटला, असे आपली परंपरा सांगते. त्या कथेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात घरट्याच्या बाबतीत इतका निष्काळजीपणा शोभत नाही.

या दोषात वृत्तपत्रांचाही वाटा आहे, हे आम्ही कबूल करतो. पिलांना चारा भरविणाऱ्या पक्षिणीचे चित्र पानाची शोभा वाढविते, आणि ते कसे मिळविले याची चौकशी संपादक सहसा करीत नाहीत. यापुढे घरट्यातील पक्ष्यांचे चित्र न छापण्याचे आम्ही ठरविले आहे. स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनीही हाच नियम करावा. बक्षीस मिळावयाचे नाही असे कळले की पुष्कळांचा मोह ओसरेल.

गोव्यातील वाचक विचारतील की, बेळगावच्या तळ्यांशी आमचा काय संबंध? म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात वर्षानुवर्षे तंटा चालला, लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी वाद शमलेला नाही. नदीच्या पाण्याविषयी दोन्ही राज्ये इतकी जागरूक आहेत, मग तळ्याच्या पाण्याविषयीच दोन्हीकडे सारखी उदासीनता का? करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांना चोर्ल्याचा घाट आणि राज्याची सीमा ठाऊक नसते. घाटावरची तळी आटली किंवा भिंतींत कोंडली गेली, तर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी फिरणाऱ्या पाखरांचे विसाव्याचे एकेक ठिकाण कमी होते. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसार यादीत स्थान मिळाले. गोव्यातील ते पहिलेच तळे, आणि क्षेत्र अवघे ४२ हेक्टर. लहान तळेही जगाच्या यादीत बसू शकते, हे त्यावरून दिसले. मात्र अशा यादीत जाण्यासाठी त्या तळ्यावर काय आहे, हे आधी कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

आमच्या सूचना साध्या आहेत. टिळकवाडीत महाविद्यालये आहेत, वाचनालये आहेत, निवृत्त शिक्षकांची उणीव नाही. त्यांनी एकत्र येऊन प्रत्येक तळ्याची एक वही सुरू करावी. आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एक ठरलेली फेरी, दिसलेल्या पक्ष्यांची नावे व संख्या, आणि प्रत्येक बाजूच्या काठाचे त्याच जागेवरून घेतलेले एकेक चित्र, एवढे पुरे आहे. पक्षी दिसला नाही, तर तेही लिहावे, कारण न दिसणे हीसुद्धा नोंदच आहे. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांनी ही वही मिळून ठेवावी. पाणकोंबडीला दोन्ही भाषांत नाव आहे, आणि तिच्यावरून वाद होण्याचे कारण नाही. महापालिकेनेही कोणत्याही तळ्याच्या कामाची निविदा काढण्यापूर्वी बारा महिन्यांची अशी नोंद मागवावी. पदपथ करावयाचाच असेल तर काठापासून मागे घ्यावा, आणि एक बाजू तरी दगड-सिमेंटाविना, दिव्यांविना, जशी आहे तशी सोडावी. त्यात कंत्राटाचा खर्च वाढण्याऐवजी उलट कमीच होईल.

टिळकवाडीला अशा सार्वजनिक कामाची ओळख करून देण्याची गरज नाही. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, तेव्हा आलेल्या लोकांना पाणी मिळावे म्हणून विहीर खोदण्यात आली आणि तिला पंपा सरोवर हे नाव दिले गेले. तीच काँग्रेस विहीर म्हणून आजही दाखविली जाते. पाहुण्यांसाठी पाण्याची सोय आधी करावयाची, ही या गावाची रीत आहे. दर हिवाळ्यात हजारो कोसांवरून येणारे पाहुणे तेवढेच मागतात. त्यांच्यासाठी नवी विहीर खोदावयाची नाही. जे तळे आहे ते राखावयाचे आहे, आणि ते होते याची साक्ष लिहून ठेवावयाची आहे. उद्या पहाटे फिरावयास निघताना कॅमेऱ्याबरोबर एक वही आणि पेन्सिलही घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.