पेट्रोल बदललं, जेट कोण बदलणार?

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर पोचलं. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो इंधनाचं प्रमाण आपसूक जुळवून घेतो. जुन्या गाडीत कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारं फक्त एक पितळी जेट असतं. त्याचं भोक ज्या पेट्रोलसाठी पाडलं, ते पेट्रोल आता आमच्याकडच्या पंपांवर मिळत नाही. मग ते जेट बदलायचं कुणी? हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांनी विचारायला हवा होता. तो मी विचारतो आहे.

माझी उमेदीची सगळी वर्षं मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात गेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन, वर सोलेक्स कार्बोरेटर. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा मी गावी, पोलादपूरजवळच्या उमरठला परत आलेलो होतो. माझी स्वतःची पद्मिनी इथे दारात उभी असते. पण माझ्याकडे येणारं काम हौसेच्या गाड्यांचं नाही. मोटरसायकली येतात, ग्रास कटर येतात, फवारणीचे पंप येतात. एप्रिल २०२० च्या आधीच्या बहुतेक दुचाकी कार्बोरेटरच्याच आहेत आणि वाडीवरचं दूध पोलादपूरला त्यांच्यावरूनच जातं.

बिघाड काय होतो ते सांगतो. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला नऊ किलो पुरते, कारण त्याच्या पोटात ऑक्सिजन आधीच असतो. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्बोरेटरला हे कळायला काही मार्ग नाही. तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि इंजिनाला सुमारे आठ टक्के इंधन कमी पडतं. प्लग काढला तर चहाच्या रंगाचा दिसायला हवा, तो पांढरा फटक निघतो. रेस देताना गाडी अडखळते, कार्बोरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो, चढावर इंजिन तापतं.

गंमत बघा. हीच अडखळणारी गाडी आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला नेली की वर सुरळीत चालते. साडेतेराशे मीटरवर हवा बारा-तेरा टक्के विरळ असते. विरळ हवेत कार्बोरेटर तुलनेने जास्त पेट्रोल सोडतो, म्हणून पूर्वी खाली नीट जुळवलेली गाडी वर काळा धूर काढायची. आता इथेनॉलची तूट आणि उंचीची वाढ एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी चांगली आहे, आपल्या गावचं पेट्रोलच भेसळीचं आहे. पंपवाल्याचा काही दोष नसतो. दोष जेटच्या मापात आहे आणि तो दुरुस्त करता येतो.

सोलेक्सच्या मेन जेटवर आकडा कोरलेला असतो. तो भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११० चं जेट काढून ११५ चं लावलं की भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तूट जवळपास भरून निघते. काम मिनिटांचं आहे. पण ११५ चं जेट आणायचं कुठून? महाडला मिळत नाही, मुंबईतही जुन्या बाजारात शोधावं लागतं. मग पोरं तार घालून भोक मोठं करतात. पितळ मऊ असतं, भोक वाकडं होतं आणि त्या जेटचं माप कायमचं जातं. जेट हवेच्या दाबानेच साफ करायचं, तार लावायची नाही, हे मला उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

आणि कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा असतो. आधी टॅपेट, मग पॉइंटची गॅप, मग टायमिंग. एअर फिल्टर जागेवर पाहिजे, इंजिन गरम पाहिजे. मग मिक्श्चर स्क्रू अलगद पूर्ण आत घ्यायचा, जोर न लावता, आणि दीडेक फेरा बाहेर सोडून सुरुवात करायची. इंजिनाचा आवाज जिथे सगळ्यात चढा आणि एकसारखा लागेल तिथे थांबायचं, मग स्लो खाली आणायचा. सोलेक्समध्ये स्क्रू आत नेला की पेट्रोल कमी होतं. एअर स्क्रू असलेल्या मोटरसायकलींत उलट, आत नेला की वाढतं. ज्याला हा फरक माहीत नाही तो गाडी आणखी बिघडवून देतो आणि गिऱ्हाईक बिचारं पैसे मोजतं.

आमच्या पावसाचा त्रास वेगळाच. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी खाली बसतं, फ्लोटच्या वाटीत पांढरा-हिरवट थर धरतो, जुनं रबर फुगतं. म्हणून जूनपूर्वी वाटी रिकामी करा, डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

इथेनॉलला माझा विरोध नाही. उसाला भाव मिळतो, परदेशी तेल कमी लागतं, चांगलंच आहे. पण ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांपर्यंतचं पेट्रोल पंपावर ठेवलं. आपलं सरकार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हीए’ मालिकेचा खास नंबर देतं. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये केलं. ज्या गाडीचे पैसे घेता ती चालायला हवी, हेही मान्य करा.

शिवाय जुनी गाडी हाताने दुरुस्त होते. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा चिखलातून काढलेल्या मोटरसायकली मी उघडल्या. कार्बोरेटर धुतला, ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, आणि पुष्कळशा परत चालू झाल्या. ज्यांचा संगणक भिजला होता त्यांच्या मालकांना आधी सुट्या भागांची वाट बघावी लागली, मग मोठं बिल भरावं लागलं.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हुशार आहेत, स्कॅनर सहज चालवतात. त्यांनी फ्लोटची पातळी कधी मोजलेली नसते. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या परीक्षेत एक कार्बोरेटर उघडून, साफ करून, प्लगच्या रंगावरून जुळवून दाखवायला लावा. मापाची जेटं सरकारी प्रमाणपत्रासह तालुक्याच्या दुकानांत विकायला ठेवा. आणि पोलादपूरला, जिथून एक रस्ता महाबळेश्वरला आणि एक कशेडीकडे जातो, तिथल्या एका पंपावर कमी इथेनॉलची एक टाकी द्या. चार रुपये जास्त घ्या, आम्ही देऊ.