विमा गाडीला, लायसन्स माणसाला

मोबाईलवर बोलत गाडी चालवताना पकडला गेल्यामुळे माझ्या धाकट्या भावाचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं. त्याच दिवसांत गाडीचा विमा संपत होता. एजंटनं पॉलिसी काढून दिली, तसा भाऊ म्हणाला, "भाईजान, विमा मिळाला, म्हणजे आता चालवायला हरकत नाही ना?"

आपली गल्लत होते ती इथंच. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मालकाचं लायसन्स निलंबित असलं तरी तो काढता येतो, आणि काढावाच. पण त्या काळात स्वतः गाडी चालवून अपघात केला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळू शकते. जखमीला द्यावी लागलेली भरपाईही ती मालकाकडून वसूल करू शकते. शिवाय १०,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पॉलिसी विकताना एवढं सांगायला एजंटला दोन मिनिटं लागतात. कुणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. हप्ता भरला म्हणजे सुटलो, असं मानतो.

मी भावाकडून किल्ली मागून घेतली. तो आठवडाभर रुसला. रुसू दे. त्याच रस्त्यानं माझी शाळेतली मुलं चालत येतात.