ताफ्याची शिस्त

पहारा लाभला की भय सरले, असे आपण सहज मानतो. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५६१ मध्ये फर्मान काढले, की अमेरिकेकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजाने एकट्याने नांगर उचलू नये, ताफ्यातूनच जावे. अग्रभागी 'कापिताना', पिछाडीस 'आल्मिरांता' ही लढाऊ जहाजे, मध्ये व्यापारी. पहाऱ्याचा खर्च 'आवेरिया' नावाच्या करातून मालावरच वसूल होई. (तो चुकविण्यासाठी माल लपविला जाई, हे सांगावयास नकोच!) परंतु ठरलेली वाट शत्रूलाही पाठ झाली. १६२८ मध्ये डच दर्यासारंग पीट हेन याने क्यूबातील मातान्झासच्या उपसागरात चांदीचा ताफा जवळजवळ प्रतिकाराविनाच हस्तगत केला. ताफ्याचा सेनानी बेनाविदेस याचा १६३४ मध्ये सेव्हिल येथे शिरच्छेद झाला. ताफ्याचा नियम मात्र अठराव्या शतकापर्यंत टिकला.