वाघ दाखवायचा की जंगल सांगायचं? जंगल सफारीतल्या गाईडचं काम नेमकं काय असतं?

३१ डिसेंबर २०२४. थर्टी फर्स्टची गर्दी. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला जिप्सींची रांग लागली होती. ‘एफ-२’ या नावानं ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि पुढून-मागून गाड्यांनी तिची वाट अडवली. मोबाईलवर काढलेले व्हिडिओ बघता बघता सगळीकडे पोचले.

पुढचं तुम्ही वाचलं असेलच. लोक संतापले, बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांवरचे चालक आणि गाईड निलंबित झाले, दंडही झाला. सुरुवातीची कारवाई फारच सौम्य असल्याची टीका झाल्यावर निलंबनाचा काळ आणि दंड दोन्ही वाढवले गेले.

चूक कुणाची, यावर भरपूर चर्चा झाली. पण गाईडनं तिथे नेमकं काय करायचं असतं आणि ते करण्यासाठी त्याच्या हातात काय असतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. हा प्रश्न समजून घ्यायला भंडारा जिल्हा चांगलं उदाहरण आहे. इथे वाघाइतकंच सांगण्यासारखं बरंच काही आहे, आणि त्यातलं थोडं थेट मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावपर्यंत जाऊन पोचतं. ते कसं, ते पुढे येईलच.

गाईड म्हणजे सरकारी कर्मचारी का?

नाही. खाकी किंवा हिरव्या कपड्यांमुळे अनेक पर्यटकांचा तसा समज होतो. प्रत्यक्षात गाईड हा बहुतेक वेळा प्रवेशद्वाराजवळच्या गावातला तरुण किंवा तरुणी असते. वन विभाग त्यांना प्रशिक्षण देतो, त्यांची नोंदणी करतो आणि पाळीप्रमाणे गाडीवर पाठवतो. पैसे मिळतात ते फेरीमागे. वर पर्यटकानं खुशीनं काही दिलं तर टीप.

फेरी नाही तर पैसे नाहीत. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातलं पर्यटन सप्टेंबर अखेरपर्यंत बंद असतं. तेव्हा हीच मुलं धानाच्या रोवणीला जातात, नाहीतर मिळेल ती मजुरी करतात.

आज दिसणारी ही चौकट बरीचशी २०१२ सालच्या घडामोडींतून पक्की झाली. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली. मग राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १६ ऑक्टोबर २०१२ रोजी बंदी उठली. पर्यटनासाठी गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग वापरायचा, नोंदणी झालेले गाईड घ्यायचे आणि स्थानिकांना प्राधान्य द्यायचं, अशा गोष्टी त्यात होत्या. वन्यप्राणी दिसला तर किमान २० मीटर अंतर ठेवायचं, दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर ठेवायचं आणि एका जागी गाड्यांचा घोळका करायचा नाही, हेही त्यात लिहिलं होतं.

३१ डिसेंबरला यातलं काय काय मोडलं, हे व्हिडिओत दिसतंच.

नियम माहीत असूनही गाडी पुढे का जाते?

जिप्सीत सहा पर्यटक असतात. त्यांनी महिनाभर आधी ऑनलाईन बुकिंग केलेलं असतं आणि प्रवास, मुक्काम, सफारी मिळून हजारो रुपये घातलेले असतात. त्यांना वाघ हवा असतो. चालकालाही ते माहीत असतं. शेजारची गाडी पुढे सरकली की मागून आवाज येतो, “भाऊ, घ्या ना थोडी पुढे.”

अशा वेळी गाईडवर तीन कामं असतात. नियम पाळून घेणं, माणसं सुरक्षित ठेवणं आणि जंगल समजावून सांगणं. यातलं पहिलं करायचं म्हणजे ज्यांच्याकडून टीप मिळण्याची शक्यता आहे, त्यांनाच नाही म्हणायचं. वाघ जवळून दिसला तर खूश होणारे पर्यटक असतात. आज गाडी मागे राहिली म्हणून जास्त पैसे देणारा पर्यटक मात्र क्वचितच भेटतो.

म्हणजे नियम मोडण्याचा फायदा लगेच हातात पडतो आणि नियम पाळण्याचं बक्षीस कुठेच नाही. व्हिडिओ व्हायरल झाला तर शिक्षा होते, पण ती एखाद्याच दिवशी. बाकीच्या दिवशी याच हिशोबावर गाड्या चालतात. हे सांगितल्यानं त्या दिवशीची चूक लहान होत नाही. पण फक्त माणसं निलंबित करून हा हिशोब बदलत नाही, हेही खरं.

अमेरिकेत हेच काम कसं चालतं?

आपल्याकडे ‘रेंजर साहेब’ म्हटलं की वनपरिक्षेत्र अधिकारी डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र रेंजरचे वेगवेगळे प्रकार असतात. काही जण कायदा सांभाळतात, तर काहींचं मुख्य काम असतं लोकांना त्या जागेचा अर्थ उलगडून सांगणं. पायी फेऱ्या काढायच्या, शाळेच्या मुलांशी बोलायचं, संध्याकाळी शेकोटीभोवती गोष्टी सांगायच्या. त्यांना ‘इंटरप्रिटिव्ह रेंजर’ म्हणतात.

तिथली राष्ट्रीय उद्यान सेवा १९१६ साली सुरू झाली. त्याआधीपासून कोलोरॅडोच्या डोंगरात एनॉस मिल्स नावाचा माणूस लोकांना निसर्ग दाखवायला नेत असे. पुढे १९५७ साली फ्रीमन टिल्डन यांनी या कामावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य विचार साधा आहे. नुसती माहिती दिली म्हणजे अर्थ सांगितला असं होत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात कुतूहल जागं करणं हे पाठ देण्यापेक्षा महत्त्वाचं. प्राण्याचं नाव, वजन आणि आयुष्य पाठ म्हणून दाखवणं वेगळं. तो प्राणी इथे का आहे आणि त्याचा तुमच्याशी काय संबंध, हे जाणवून देणं वेगळं.

तिथेही ही नोकरी फार सुरक्षित आहे असं नाही. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी उद्यान सेवेतल्या सुमारे १,००० नव्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढून टाकण्यात आलं. निषेध म्हणून योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावर अमेरिकेचा झेंडा उलटा लटकवला गेला. पुढे न्यायालयाच्या आदेशामुळे अनेकांना परत घ्यावं लागलं.

तरीही एक फरक उरतोच. तिथल्या रेंजरला पगार मिळतो. आज अस्वल दिसलं की नाही, यावर त्याच्या घरचा खर्च अवलंबून नसतो.

वाघ नसेल तर सांगायचं काय?

इथे आंधळगाव येतं.

नागझिरा किंवा कोका अभयारण्यातून जाताना रस्त्याच्या कडेला ऐनाची झाडं दिसतात. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगा पडलेली. गाडी त्यांच्या बाजूनं निघून जाते आणि कुणी बघत नाही. पण याच ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर टसर रेशमाची अळी वाढते. तुतीच्या रेशमाचे किडे घरात ट्रेमध्ये वाढवतात. टसरची अळी मात्र उघड्यावर, झाडावरच वाढते. अभयारण्याबाहेरच्या जंगलात ढिवर समाजातली कुटुंबं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. अळ्या झाडावर सोडायच्या, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून राखायच्या आणि मग कोष उतरवायचे. या कोषांना म्हणायचं कोसा.

या कोशातून निघालेला धागा हातमागावर जातो. मोहाडी आणि आंधळगाव ही कोष्ट्यांच्या मागांसाठी ओळखली जाणारी गावं. विदर्भाची ओळख असलेली करवती काठाची साडी याच धाग्याची. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवती. या साडीला भौगोलिक मानांकनही आहे.

म्हणजे जंगलातल्या एका झाडापासून सुरुवात केली तर अळी, ढिवर, कोष्टी आणि शेवटी कुणाच्या तरी लग्नातली साडी, इथपर्यंत गोष्ट जाते. ती सांगायला वाघ दिसावा लागत नाही. पाच मिनिटं गाडी थांबवावी लागते, एवढंच.

पाण्याचंही तसंच. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. इथले मालगुजारी तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगितलं जातं. ज्या पाण्यावर धान पिकतं, त्याच पाण्यावर हिवाळ्यात पाखरं उतरतात.

आणि वाघाचीसुद्धा फोटोपलीकडची गोष्ट आहे. ‘जय’ आठवतो? नागझिऱ्यातला हा वाघ २०१३ साली शेतं, रस्ते आणि गावांच्या कडेनं चालत उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला. एप्रिल २०१६ नंतर तो पुन्हा कधी दिसला नाही. त्याच्या प्रवासातून एक गोष्ट कळते. वाघाचं जंगल अभयारण्याच्या फाटकाशी संपत नाही. आंधळगावचा परिसर पेंच आणि नागझिरा या दोन व्याघ्र प्रकल्पांच्या मधोमध येतो. अशा मधल्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला माणसं जातात. त्यांच्यासाठी वाघ म्हणजे रील नाही. वाट बदलायला लावणारी भीती आहे.

गाईड याच गावांतला असतो. वाघ टिकावा असं त्याला वाटतं आणि मोह वेचायला गेलेली आई सुखरूप घरी यावी असंही वाटतं. दोन्ही बाजू एकाच तोंडून ऐकायला मिळण्याची ही संधी असते. पण सफारीत “साहेब, कॉल आला, धरून बसा” याच्या पलीकडे बोलायला वेळच मिळत नाही.

ही परंपरा आपल्याकडे होतीच

जंगल सांगण्याचं काम अमेरिकेतून आणावं लागेल असंही नाही. मारुती चितमपल्ली यांनी वन विभागात नोकरी करताना नवेगावबांधला मोठा काळ काढला. तिथल्या माधवराव पाटलांकडून आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची नावं, सवयी आणि गोष्टी गोळा केल्या आणि मराठी वाचकांपर्यंत आणल्या. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं, त्याच काळातली ही गोष्ट. चितमपल्लींना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला त्यांचं निधन झालं. पक्षी अभ्यासक किरण पुरंदरे यांनीही ४०० दिवस नागझिऱ्यात काढले आणि पुढे भंडारा जिल्ह्यातल्या पिटेझरीत राहायला आले.

म्हणजे सांगण्यासारखं आहे, सांगणारेही होते. त्यांना जे सापडलं त्यातलं बरंचसं गावातल्या माणसांकडून आलेलं होतं. आज त्याच गावांतली मुलं जिप्सीत पुढच्या सीटवर बसलेली असतात.

मोबाईलबंदीनं काम भागेल का?

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेट प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं गाभा क्षेत्रातल्या पर्यटन विभागात मोबाईल वापरू देऊ नये आणि रात्रीचं पर्यटन बंद ठेवावं असं सांगितलं. याचा उपयोग होईल. फोन नसला की ‘वाघ इथे आहे’ हा निरोप गाडीगाडीत पोचत नाही, आणि रीलसाठी पुढे जाण्याची घाईही कमी होते.

पण फोन काढून घेतल्यावर गाडीत उरतात सहा पर्यटक आणि एक गाईड. त्याचे पैसे अजूनही फेरीवर आणि टिपेवरच ठरत असतील तर दबाव तोच राहतो. त्यासाठी वेगळे उपाय लागतील. हंगामभराचं ठरलेलं मानधन देता येईल. पावसाळ्याच्या महिन्यांत याच गाईडना आसपासच्या शाळांमध्ये जंगलाबद्दल बोलायला पाठवता येईल. प्रशिक्षणात प्राण्यांच्या नावांबरोबर कोसा, तलाव आणि मोह यांच्या गोष्टी घेता येतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गाईडनं गाडी मागे घ्यायला सांगितली आणि पर्यटकानं तक्रार केली, तर वन विभाग गाईडच्या मागे उभा राहील एवढी खात्री त्याला द्यावी लागेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. लोक वाघासाठीच येतात. वाघ दिसेना झाला तर गर्दी ताडोब्याकडे वळेल आणि इथल्या गावांचं उत्पन्न जाईल. पण नवेगाव-नागझिऱ्यासमोर ही अडचण आधीपासूनच आहे. १२ डिसेंबर २०१३ ला हा राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला, तरी ताडोब्यासारखा सहज वाघ दिसावा अशी इथली ख्याती नाही. इथली वाघांची संख्या वाढावी म्हणून २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी इथे सोडाव्या लागल्या. जिथे वाघ हमखास दिसत नाही, तिथला पर्यटक परत यायचा असेल तर त्याला दुसरं काहीतरी मिळायला हवं. त्यामुळे चांगल्या गाईडची गरज ताडोब्यापेक्षा इथे जास्तच आहे.

पुढच्या वेळी सफारीला गेलात तर गाडी सुटण्याआधी गाईडला एवढंच सांगून बघा की वाघ नाही दिसला तरी चालेल, तुमच्या गावाकडचं जंगल दाखवा. आणि वाघ न दिसताच फेरी संपली तरी टीप द्या. धोरण बदलायला वेळ लागतो. त्या एका फेरीचा हिशोब मात्र तुमच्या हातात असतो.