सिलिगुडीचे उत्तर, पाच वर्षे उशिरा

२००१च्या जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर बंगालमधील सिलिगुडीत मेंदूज्वराची भयंकर साथ आली. ताप, डोकेदुखी, शुद्ध हरपणे आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. ६६ रुग्णांपैकी ४५ दगावले. बहुतेकांना लागण झाली ती इस्पितळात. शुश्रूषा करणारे कर्मचारी आणि खाटेशेजारी बसलेले नातलगच एकामागून एक आजारी पडले. त्या वेळच्या तपासण्यांतून कारण कळले नाही.

रुग्णांचे काही नमुने मात्र जपून ठेवले गेले होते. पुढे शेजारच्या बांगलादेशात निपाह विषाणूच्या साथी उघडकीस आल्या, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतील शास्त्रज्ञांनी ते नमुने पुन्हा तपासले. १८पैकी ९ रुग्णांच्या रक्तात निपाहची प्रतिपिंडे आढळली आणि पाच जणांच्या लघवीत विषाणूचा आरएनए. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला २००६ साली. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांतला विषाणू माणसांत येऊन इस्पितळाच्या वॉर्डांतून पसरला होता आणि ते कळायला पाच वर्षे गेली. याउलट २०१८मध्ये केरळातल्या कोळिकोडला निपाहची साथ आली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना दुसऱ्याच रुग्णावरून संशय आला. मणिपालच्या प्रयोगशाळेत निदान झाले, पुण्याच्या संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि संपर्कातल्या माणसांचा शोध लगेच सुरू झाला. आजाराचे नाव वेळेवर कळण्याची किंमत काय असते, ते या दोन साथी शेजारी ठेवल्या की दिसते.

नमुना घेतला जातो तेव्हा त्याला पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल, हे कुणालाच ठाऊक नसते. १९६०मध्ये काँगोतल्या आजच्या किन्शासात एका स्त्रीच्या लसिका ग्रंथीचा तुकडा मेणात बसवून ठेवला गेला. एड्स हा आजार तेव्हा वैद्यकाला माहीतही नव्हता. २००८ साली त्याच तुकड्यातल्या विषाणूच्या जनुकीय क्रमाची तुलना करून शास्त्रज्ञ मायकेल वरोबी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की चिंपांझींकडून आलेला एचआयव्ही विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच माणसांत फिरत असावा. मेणाच्या ठोकळ्याला वीज लागत नाही. रक्त आणि विषाणू जपायला मात्र उणे ८० अंशांचा फ्रीजर लागतो, अखंड वीज लागते आणि नळीवरची चिठ्ठी वर्षानुवर्षे वाचता यावी लागते. नोंद हरवलेली नळी निरुपयोगी आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २०२०च्या मार्चमध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या संस्थेला निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या. दोडामार्ग, बांदा आणि गोव्यातल्या सत्तरी भागाने माकडताप या विषाणूजन्य आजाराचे मृत्यू पाहिले आहेत. म्हणूनच सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या जिल्हा रुग्णालयांत निदान न झालेल्या प्रत्येक मेंदूज्वराचा आणि गंभीर तापाचा नमुना, त्या रुग्णाच्या गावाच्या, कामाच्या आणि जनावरांशी आलेल्या संपर्काच्या नोंदीसह, जपला जायलाच हवा. त्यासाठी जिल्हा आरोग्य अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी. उरलेसुरले पैसे नकोत.

जपणुकीबरोबर संमतीही हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांसाठी संमती आणि नीतिमत्ता समितीची देखरेख सांगितली आहे. पण तापाने फणफणलेल्या माणसापुढे सरकवलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. आपले रक्त कुठे राहील, कोण तपासेल, परदेशी जाईल का आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे का, हे त्याला किंवा त्याच्या माणसांना मराठीत, कोकणीत, जी त्यांची बोली असेल तीत समजावून सांगितले पाहिजे.

आणि काही वर्षांनी उत्तर मिळालेच, तर ते शोधनिबंधात छापून थांबू नये. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला, आणि ज्या वॉर्डात परिचारिका दगावली त्या वॉर्डाला, नेमके काय झाले होते ते कळवण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर टाकावी, आणि नमुना साठवतानाच त्या नोंदीत त्याचे पद लिहावे.